तीन नंबरची डिस्क

"भावजी, तेवढं लग्नाचं नव्या डब्यात घेऊ नका."

अनितावहिनी दारातच उभ्या होत्या. ज्ञानेशसाठी आणलेला चहा त्यांच्याच हातात राहिला होता. ज्ञानेश जुन्या डब्यापुढे मांडी घालून पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे कापत होता आणि एकेकावर पेनाने आकडा लिहीत होता. एक, दोन, तीन, चार.

"कुठलं लग्न?" त्याने मान वर न करता विचारलं.

"एकच तर झालंय या घरात गेल्या दहा वर्षांत."

डबा हे नाव वहिनींच्या नवऱ्याने, गोरखभाऊने ठेवलेलं. सहा वर्षांपूर्वी ज्ञानेशने तो घरी आणला तेव्हा थोरला भाऊ नुकताच कंपनीतून आला होता. बूट काढता काढता तो म्हणाला होता, "घरात डबे काय कमी होते?" चार हार्ड डिस्क बसणारा तो काळा ठोकळा वायफायला जोडून ज्ञानेशने सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ त्यात भरले. बारशी, वाढदिवस, यात्रा, सातबारे, शाळेचे दाखले, जे सापडेल ते. आता गोरखभाऊला जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. डबा गच्च भरला होता आणि पंधरा दिवस त्याच्यावरचा नारिंगी दिवा विझत नव्हता. म्हणून आठ डिस्कचा मोठा डबा आला होता, त्याच बनावटीचा. जुन्यातल्या चार डिस्क काढायच्या, त्याच क्रमाने नव्यात बसवायच्या, वर दोन कोऱ्या टाकायच्या. गुरुवारी ज्ञानेशच्या प्लँटला सुट्टी असे. जेवण झाल्यावर तासाभरात काम उरकेल असा त्याचा हिशेब होता.

"वहिनी, टीव्हीचीच भीती आहे ना तुम्हाला? मी त्याची सेटिंग बदलतो. आपोआप फोटो दिसणारच नाहीत."

"टीव्हीवर दिसलं नाही म्हणून ते घरातून गेलं का?"

गेल्या महिन्यात तळेगावच्या रविराजचं स्थळ वहिनींच्या स्वप्नालीला आलं आणि त्याची आत्या तिला बघायला आली होती. टीव्ही नुसताच चालू होता आणि कुणी काही लावलं नाही की तो डब्यातले फोटो उचलून दाखवायचा. आत्याबाईंनी पोह्यांचा पहिला घास घेतला आणि समोरच्या भिंतीवर स्वप्नाली मुंडावळ्या बांधून उभी राहिली. शेजारी तो. आठ महिने नांदवून, उरलेले चार महिने छळून ज्याने तिला परत पाठवलं, तो. वर्षाराणी, ज्ञानेशची बायको, हातात ताट घेऊन तशीच टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली होती. फोटो बदलेपर्यंत हललीच नाही. आत्याबाई भल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. आता येत्या रविवारी रविराजच्या घरचे तारीख धरायला येणार होते.

"पोरीचा नवा संसार उभा राहतोय," अनितावहिनी म्हणाल्या. "घरात जुनं ठेवू नये. पुसून टाका."

ज्ञानेशची नजर नकळत खिडकीकडे गेली. तिथे आरामखुर्चीत नाना डोळे मिटून पडले होते, छातीवर उपरणं. ज्ञानेशचे वडील, ब्याऐंशी वर्षांचे बाळाजीनाना, दुपारी तासभर झोपत, आणि चहा झाला की पाचच्या सुमारास, बायका खाली असताना, ज्ञानेशला म्हणत, "लाव रं." मग ज्ञानेश दहा मिनिटं टीव्हीवर लग्नाचं कच्चं शूटिंग लावायचा. गाणी टाकून कापलेला व्हिडिओ नव्हे, कॅमेरावाल्याने दिलेलं सगळं, जसंच्या तसं. त्यात गोरखभाऊ बोलत होता. आचाऱ्याला ओरडत होता, फेट्याचं टोक दातात धरून हसत होता. भाऊने आयुष्यात कधी स्वतःचा व्हिडिओ काढू दिला नव्हता. त्याचा आवाज होता तो तेवढ्या चौदा तासांत. ही दहा मिनिटं दोघांनी कुणाला सांगितली नव्हती.

"बरं," ज्ञानेश म्हणाला. "पुसतो."

वहिनींनी कप टेबलावर ठेवला आणि त्या खाली गेल्या. ज्ञानेशने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की पुसायचं नाही. आतल्या आत एका फोल्डरला कुलूप घालायचं आणि गेलं म्हणून सांगायचं. वहिनींशी तो आजवर खोटं बोलला नव्हता. चहा कडू लागला.

त्याने डबा रीतसर बंद केला, दिवे विझेपर्यंत थांबला, मग एकेक ट्रे ओढून डिस्क बाहेर काढली, तिच्यावर आकडा चिकटवला आणि टेबलावर घडी घातलेल्या टॉवेलवर ओळीने ठेवली. तेवढ्यात खालून हाक आली. मागच्या खोल्यांतल्या भाडेकरूंचं पाणी चढत नव्हतं. मोटरमध्ये हवा धरली होती. ते बघून, हात धुऊन तो वर आला तोवर वीसएक मिनिटं गेली.

टॉवेलवर एक, दोन आणि चार होती.

*

"बरं केलंत ताई, स्पष्ट सांगितलंत," वर्षाराणी म्हणाली. ती कणीक मळत होती. "हे काय, भोळे आहेत. ह्यांना वाटतं सगळं जपून ठेवावं. कंपनीतले जुने नटबोल्टसुद्धा आणून ठेवतात."

अनिता मेथी निवडत होती. तिने नुसतं "हूं" केलं. वर्षाची बाजू मिळाली याचं तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. वर्षाला वाटत होतं की हे स्वप्नालीसाठी चाललंय. सगळ्यांनाच तसं वाटत होतं, आणि अनितानेही ते तसंच वाटू दिलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. ज्ञानेश स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघून वर्षाचे हात कणकेतच थांबले.

"वहिनी, डिस्क कुठंय?"

"कसली डिस्क?"

"तीन नंबरची. टेबलावर चार होत्या. मी खाली गेलो तेव्हा वर कोण आलं होतं?"

"मी नाही आले."

"वहिनी, बघा," तो आवाज धरून बोलत होता, पण धरवत नव्हता. "तुम्हाला नकोय ते मला कळतं. पण असं नका करू. एक डिस्क नसली तरी डबा चालू होईल कसाबसा, पण उरलेल्या तिन्हींतली एक जरी बिघडली तर सगळं जाईल. सगळं म्हणजे सगळं. कागदं मी दुसरीकडे ठेवलीत, पण व्हिडिओ फक्त इथंच आहेत."

"अहो, काय बोलताय?" वर्षाराणी उठलीच. हाताला कणीक तशीच. "ताईंनी चोरली म्हणता?"

"मी चोरली म्हणालो का?"

"मग दुसरं काय म्हणालात?"

"मी पुसायला सांगितलं, भावजी," अनिता म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तुमच्या तोंडावर सांगितलं. लपूनछपून न्यायची असती तर सांगायला कशाला आले असते?"

"कारण मी पुसणार नव्हतो!" ज्ञानेश बोलून गेला.

वर्षाराणीने नवऱ्याकडे असं बघितलं की तो पायाकडे बघायला लागला.

"म्हणजे ताईंना 'बरं' म्हणालात ते?"

"लपवून ठेवणार होतो. कुलूप लावून."

"माझ्याशी खोटं बोलणार होता?" अनिताने विचारलं. एवढ्या वर्षांत दीर-भावजयीत असा प्रश्न पहिल्यांदाच आला होता आणि तो दोघांनाही लागला.

"काय लपवणार होता, काका?"

मागच्या दारात स्वप्नाली उभी होती. पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून आत्ताच उतरली होती. गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, पाठीला सॅक, डोक्यावर टोपी दाबून बसल्याने केस चपटे झालेले. महाळुंग्याच्या एका कंपनीत ती सुटे भाग तपासायची. केसाएवढा फरक डोळ्याने धरायची आता तिला सवय झाली होती, आणि तिने तिघांच्या चेहऱ्यांवरचा फरकही लगेच धरला.

शेवटी वर्षाराणीनेच सांगितलं.

*

स्वप्नालीने सॅक खांद्यावरून काढली आणि हळूच जमिनीवर ठेवली.

"माझं लग्न," ती म्हणाली. "ते ठेवायचं का पुसायचं हे तुम्ही तिघांनी ठरवलं. आणि मला?"

"तुला त्रास नको म्हणून," अनिता म्हणाली.

"आई, मी त्या माणसाच्या घरात वर्षभर राहिले. व्हिडिओने काय त्रास होणारे मला?"

तिला रागवायचं होतं, पण आई मेथीच्या काड्या पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवत होती, आणि तिचा राग तिथंच अडला. ती काकांकडे वळली.

"वर कोणकोण होतं?"

"कुणीच नाही. नाना झोपले होते."

"आता आहेत का झोपलेले?"

ज्ञानेश जिन्याकडे धावला. डिस्क नाही म्हटल्यावर त्याने खुर्चीकडे बघितलंच नव्हतं.

नाना वर नव्हते. पुढच्या ओट्यावर नव्हते, देवळात नव्हते, भाडेकरूंच्या खोल्यांपुढच्या बाकावरही नव्हते. स्वप्नाली घरामागे गेली. तिथं कांदा साठवायची जुनी बराखी होती. वरचं शेत कंपनीत गेल्यापासून तिच्यात कांदा पडला नव्हता, भाडेकरू मोटरसायकली लावत. बांबूच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत आल्या होत्या. अगदी शेवटी, उलट्या पाटीवर नाना बसले होते. उपरण्याची गाठोडी मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात.

"नाना."

"ज्ञानाला सांगू नगं."

ती दोन मोटरसायकलींच्या मधून वाट काढत गेली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"काय आहे त्यात?"

"तुला ठावं हाय काय हाय ते." नानांनी गाठोडी जवळ ओढली. "तुझी आय पुस म्हनली. तो बरं म्हनला. मी झोपलो न्हवतो. ह्यात माझा गोरख हाय. समद्यांनी काय पुसायचं ते पुसा. एवढं मला ऱ्हाऊ द्या."

"तुम्हाला कसं कळलं की याच डिस्कमध्ये आहेत पप्पा?"

नाना गाठ चाचपत म्हणाले, "तिनावर हात पडला."

स्वप्नालीला हसू आलं. मग नानांनी पाच वाजताच्या दहा मिनिटांचं सांगितलं. साडेतीन वर्षं. रोज थोडं थोडं. चौदा तास संपले की पुन्हा पहिल्यापासून. "तुझ्याकडं न्हाई बघत मी," ते घाईने म्हणाले, जणू तिची माफी मागत होते. "त्या पोराकडं तर न्हाईच. गोरख बोलतो तेवढंच ऐकतो. मला आता कानानं कमी येतं, पर त्याचं येतं."

ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून तशीच बसून राहिली. पलीकडे कंपनीच्या भिंतीमागे कुठेतरी ट्रक मागे घेताना पीप पीप करत होता.

"नाना, मीसुद्धा नाही बघितलंय ते कधी."

"तुझंच लगीन न्हवं?"

"म्हणूनच."

नानांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग गाठोडी सोडायला लागले. गाठ सुटेना. तिने ती सोडवली. डिस्क उन्हाने कोमट झाली होती, चिकटपट्टीवरचा तीन किंचित पुसट.

"पडली नाही ना कुठं?"

"ह्या हातातनं गोरखला कवा पाडलं न्हाई मी."

ते उठताना तिने त्यांना एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने डिस्क पोटाशी. घराकडे चालताना ज्ञानेश समोरून पळतच आला. वडलांचा चेहरा बघून तो नुसताच त्यांच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि दंड धरला.

"नाना, भाऊ एकट्या हिच्यात नाही," तो म्हणाला. "चारही डिस्कवर थोडा थोडा आहे. एकटी घेऊन बसलात तर त्यातनं एक शब्दही निघायचा नाही. बाकीच्याही सोबत लागतात."

"मग आधी सांगायचं," नाना म्हणाले. "मी चारी नेल्या असत्या."

*

वरच्या खोलीत सगळे जमले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. वर्षाराणी हात धुऊन आली होती. अनिता सगळ्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

ज्ञानेशने डिस्क मऊ फडक्याने पुसली, कानाशी धरून हलकेच हलवली, पुन्हा हलवली. मग एकेक करून चारही नव्या डब्यात सरकवल्या. प्रत्येक ट्रे आत गेल्यावर खट्ट वाजत होता. बटण दाबल्यावर पंखा फिरायला लागला. पहिल्या डिस्कचा दिवा हिरवा झाला. दुसऱ्या डिस्कचा झाला. तिसरा लुकलुकत राहिला.

"काय झालं?" वर्षाराणी कुजबुजली.

"थांब."

चौथा दिवा हिरवा झाला, तरी तिसरा लुकलुकतच होता. ज्ञानेशच्या कपाळावर घाम आला. आतून डिस्कची करकर ऐकू येत होती. नानांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. दोन मिनिटं झाली असतील, तीन झाली असतील. अनिताच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात म्हणतोय, लाग रे, लाग. ज्याला पुसा म्हणून दुपारी सांगितलं होतं त्याच्यासाठीच. तिला स्वतःची लाज वाटली, आणि तरी ती म्हणतच राहिली.

डबा एकदा लांब वाजला. तिसरा दिवा हिरवा झाला.

ज्ञानेशने मोबाइलवर बघितलं, दोनदा बोट फिरवलं आणि जमिनीवर बसकण मारली. "ओळखलं त्याने. सगळं आहे."

वर्षाराणीने नवऱ्याच्या पाठीवर एक चापट मारली. तिला बहुधा त्याला माफ करायचं होतं. ज्ञानेश उठला आणि अनितासमोर आला.

"वहिनी, चुकलो. तुमच्यावर संशय घेतला, आणि त्याआधी खोटं बोललो. तुम्ही सांगाल तसं करतो. खरोखर."

अनिताने स्वप्नालीकडे बघितलं.

"मला बघायचंय," स्वप्नाली म्हणाली. "एकदा. नानांबरोबर. मग काय करायचं ते ठरवू. आई, तूही बस."

"मी नाही."

"का?"

"खाली गॅसवर—"

"गॅस बंद आहे, ताई," वर्षाराणी म्हणाली. दुपारी तिच्या बाजूने असलेली वर्षा आता नव्हती. किंवा होती, पण वेगळ्या तऱ्हेने.

अनिता निघालीच होती. स्वप्नालीने तिचं मनगट धरलं, जोर न लावता.

"आई, रविराजला सगळं माहितीये. त्याच्याही घरी त्याच्या पहिल्या लग्नाचा अल्बम आहे, कपाटात वरच्या कप्प्यात, त्याने मला दाखवला. आम्ही दोघं बसून बघितला. तुला माझी काळजी असेल तर करू नकोस."

"तुझी नाही गं." अनिताने मनगट सोडवून घेतलं नाही. "मला माझंच तोंड बघवत नाही त्यात."

मग ती आपण होऊनच बोलत गेली, चौकटीकडे तोंड करून.

"स्थळ माझ्या माहेरचं. माझ्या मामांच्या नात्यातलं. ह्यांना पसंत नव्हतं. हे म्हणाले, पोरगं बोलताना जमिनीकडं बघतं, आपण वर्षभर थांबू. मी ऐकलं नाही. आठ दिवस जेवले नाही नीट. शेवटी हो म्हणाले. पण लग्नाआधी चार दिवस माझ्याशी शब्द बोलले नाहीत. आणि मी? मी त्या व्हिडिओत हसतेय. वरात आल्यापासून हसतेय. मिरवतेय. हे मनात काय घेऊन फिरत होते मला माहीत होतं, तरी हसतेय. मग पाच महिन्यांत हे गेले. दवाखान्यात नेईपर्यंत बोलणं नाही झालं आमचं. म्हणजे रोजचं व्हायचं, भाजी काय, दूध आलं का. पण हे नाही झालं." तिने पदराने नाक पुसलं. "मग पोरगी परत आली. त्यांचंच खरं झालं. ते असते तर एकदा रागावले तरी असते. मनात राग घेऊन गेले."

स्वप्नालीने आईला आजवर असं बोलताना ऐकलं नव्हतं. तीन वर्षं तिला वाटत आलं होतं की परत आल्याची शरम तिची एकटीची आहे, आणि आई ती झाकून ठेवायला धडपडते. आई स्वतःचंच काही झाकत असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"राग?" नाना खुर्चीतून म्हणाले. सगळ्यांनी वळून बघितलं. "कसला राग? अनिता, तुला त्यो बुंदीचा तुकडा ठावं न्हाई?"

"कसला तुकडा, नाना?"

"ज्ञाना, लाव रं. आचाऱ्याच्या मंडपाचं. भात उपसत्यात, त्याच्या फुडं."

ज्ञानेशला ती जागा पाठ होती. त्याने टीव्ही लावला, पट्टी पुढे सरकवली, थोडी मागे घेतली.

पडद्यावर मोठमोठी पातेली होती आणि वाफ. कॅमेरावाल्याच्या हातातला कॅमेरा बहुधा जाता जाता नुसता चालूच राहिला होता, चित्र तिरकं होतं. लांबून बँडचा आवाज. पत्र्याच्या आडोशाला हिरवी पैठणी नेसलेली अनिता भिंतीला हात टेकून उभी होती. हसत नव्हती. डोळे मिटले होते. मग डावीकडून फेटा आला. गोरख. हातात पत्रावळीचा तुकडा, त्यात बुंदी.

"खा," तो म्हणाला. आवाज इतका जवळचा होता की वर्षाराणीने तोंडावर हात धरला.

"नको. आत बायका थांबल्यात."

"थांबू दे. सकाळपास्नं चहावर हायेस. चक्कर येऊन पडशील तिथं."

"तुम्ही बोलत नव्हता ना माझ्याशी?"

"बोलत न्हवतो, म्हणून उपाशी ठेवू काय तुला?" त्याने बुंदीचा घास तिच्या तोंडाशी धरला. तिने मान फिरवली, त्याने हात तसाच धरून ठेवला. मग तिने खाल्लं. त्याने दुसरा घास भरला. "हे बघ. एकदा हो म्हणलंय मी. आता हे तुझं एकटीचं न्हाई, माझंबी हाय. जे व्हईल ते दोघांचं. चल, डोळे पूस, लोक बघतील."

पडद्यावरच्या अनिताने डोळे पुसले. काहीतरी म्हणाली, ते बँडमध्ये बुडालं. गोरख मोठ्याने हसला आणि पत्रावळ टाकायला वळला तेव्हा त्याला कॅमेरा दिसला. "ए, काय काढतो रे? नवरी तिकडं हाय!" चित्र हललं आणि भाताच्या पातेल्यावर गेलं.

ज्ञानेशने तिथंच थांबवलं.

अनिता खाली बसली होती. कधी बसली तिला कळलं नाही. त्या दिवशी किती जणांनी किती वेळा काही ना काही तिच्या तोंडात घातलं होतं. मामी, नणंद, विहीणबाई. त्या सगळ्या गडबडीत हे दोन घास तिच्या लक्षातून गळून गेले होते, आणि न बोललेले चार दिवस तेवढे राहिले होते. तिला रडू येत होतं की काय तेही तिला ठरवता येईना. ती बुंदीची चव आठवायचा प्रयत्न करत होती.

स्वप्नाली तिच्या शेजारी येऊन बसली, खांद्याला खांदा लावून. नानांनी डोळे मिटले होते, आणि या वेळी ते खरंच झोपले असावेत.

"मला वाटलं तुला ठाऊक असेल," ज्ञानेश शेवटी म्हणाला. भावजयीला तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला आणि त्याच्या ध्यानातही आलं नाही. "आम्ही कितीदा बघितलं हे."

"आई," स्वप्नालीने विचारलं, "मग काय करायचं?"

अनिताने पदराने तोंड पुसलं आणि डब्याकडे बघितलं. चार हिरवे दिवे, शेजारी चार रिकामे कप्पे. तिने कधी त्या वस्तूला हात लावला नव्हता. आता गुडघ्यांवर पुढे सरकून तिने तिसऱ्या दिव्याखाली बोट ठेवलं. आत काहीतरी बारीक फिरत होतं, बोटाला कळत होतं.

"भावजी," ती म्हणाली, "हे बिघडलं तर?"

"नाही बिघडणार. एक गेली तरी—"

"तसं नाही. समजा सगळाच डबा गेला. आग लागली, पाणी शिरलं. हे दुसरीकडं कुठं ठेवता येतं का? म्हणजे दोन ठिकाणी?"

"येतं की, वहिनी."

"मग ठेवा," अनिता म्हणाली. "आजच ठेवा."